गारखेड्याच्या वीरबाबाचं कवच

बन्सीनं वीरबाबाचं चित्र काढलं ते वीरबाबाला न बघता. तसं बघायला गेलं तर वीरबाबाला कुणीच बघितलेलं नव्हतं. सगळ्यांनी बघितला होता तो शेंदूर.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत आणि गारखेडा हे गाव नुकतंच शहराच्या पोटात गेलं होतं. शेतांचे प्लॉट झाले आणि प्लॉटांवर इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींच्या मधल्या बोळीत, लिंबाच्या झाडाखाली, बन्सीच्या घराण्याचं वीरबाबाचं ठाणं तेवढं जागच्या जागी राहिलं. तेलात कालवून वर्षानुवर्षं चढवलेल्या शेंदराचा कमरेएवढा उंच गोळा, त्याला चांदीचे दोन डोळे, आणि खाली पुढच्या अंगाला एक फुगवटा. हा फुगवटा म्हणजे घोडा. आतमध्ये दगड आहे, दगडावर घोडेस्वार कोरलेला आहे आणि तो घोडेस्वार म्हणजे मेंढरं राखताना चोरांशी लढून पडलेला आपला पूर्वज, असं बन्सीचे वडील सोनाजी सांगत आले होते. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. देवाच्या अंगावरचा शेंदूर खरवडून खात्री करून घेण्याचा आचरटपणा ह्या घराण्यात कुणी केला नव्हता.

सोनाजींकडे अजून पंधरावीस मेंढरं होती. पुंडलिकनगरात जे प्लॉट बांधायचे राहिले होते तिथं ती चरायची आणि बंगल्यांतल्या बाया कुंड्या आत उचलून ठेवत सोनाजींच्या नावानं बोटं मोडायच्या. अशा माणसाचा मुलगा शहरातल्या चित्रकलेच्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला, हेच भावकीला पुष्कळ झालं होतं. आता त्यानं छावणीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात, लग्न करावं आणि गप राहावं. पाट्या तो रंगवतच होता. पण मुलाच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. त्याला बडोद्याला जाऊन कलेच्या इतिहासात एम.ए. करायचं होतं.

हे खूळ भरवलं काळे सरांनी. बद्रीनाथ काळे बन्सीला कॉलेजात शिकवायचे, राहायचे छावणीत. पाट्यांचं काम आटोपलं की बन्सी रंगाचे हात रॉकेलनं पुसून त्यांच्याकडे जायचा. सर जाडजूड पुस्तक उघडायचे, चित्राखालच्या ओळी तळहातानं झाकायचे आणि विचारायचे, "कुठलं? कुठल्या शतकातलं? कशावरून?" बन्सी चुकला की ते हात काढायचे नाहीत, पान उलटायचे. म्हणजे चुकलेलं चित्र कुठलं होतं हे रात्रभर डोक्यात किडा वळवळावा तसं वळवळत राहायचं. इंग्रजी पुस्तकाच्या एकेका पानाला तो डिक्शनरी घेऊन झटायचा. वर्षभर हे चाललं.

प्रवेशाच्या अर्जासोबत एक निबंध द्यायचा होता. ज्यावर आधी कुणी लिहिलेलं नाही असं एखादं शिल्प स्वतः पाहून, त्याचं रेखाचित्र काढून, त्यावर लिहायचं. बन्सीला दुसरं काय सुचणार? त्यानं वीरबाबावर लिहिलं. वेरूळच्या वाटेवर, दौलताबादच्या आसपास त्यानं पाहिलेले वीरगळ आठवून एक फक्कड रेखाचित्र काढलं. खाली आडवा पडलेला वीर, मधे घोडेस्वार, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. चित्र इतकं छान झालं की काळे सर बराच वेळ बघत राहिले.

"हे तू पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

दोन शब्द. सरांनी शिफारसपत्रावर सही केली आणि कागद बडोद्याला गेले.

मे महिन्यात उत्तर आलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा बन्सी दारातच होता. पाकीट फोडून त्यानं पहिली ओळ वाचली आणि ओरडला, "माय, बोलावलं! बडोद्याला बोलावलं!" सखूबाई भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानंच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, स्वतःचे डोळे पुसले, तिच्या गालाला पीठ लागलं. पुढच्या ओळी बन्सीनं मनात वाचल्या. त्या मोठ्यानं वाचण्यासारख्या नव्हत्या. बोलावलं होतं ते मुलाखतीला. निबंध त्यांना आवडला होता, आणि येताना त्या शिल्पाचा फोटो आणि मोजमापं घेऊन यावं असं लिहिलं होतं.

फोटो कशाचा काढायचा? शेंदराच्या गोळ्याचा? तिथली माणसं विचारणार, अप्सरा कुठायत? निबंध खोटा ठरला तर प्रवेश जाईलच, वर काळे सरांच्या सहीला काळं फासलं जाईल. संध्याकाळपर्यंत तो लिंबाखाली वीरबाबासमोर उकिडवा बसून राहिला. मग धीर करून त्यानं वडिलांना विचारलं.

"बा, थोडा शेंदूर काढून आतलं बघता येईल का? तेवढ्यापुरता. मंग परत लावू."

सोनाजी मेंढराच्या पायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बाबा सोताहून कवच टाकतो तवा टाकतो. आपुन ओढून काढायचं नस्तं. आईचं लुगडं ओढशील का?"



इकडे सखूबाईचा वेगळाच उद्योग सुरू झाला होता. मुलाला बडोद्याला घेतलं तर वीरबाबाला सव्वा शेर शेंदूर चढवीन, असा तिनं नवस बोलला होता. आणि तिच्या हिशेबानं मुलाला घेतलं होतं. त्यांच्या घरात पोस्टानं कागद यायचा तो काम झाल्यावरच. सातबारा आला तो नाव लागल्यावर, रेशनचं कार्ड आलं ते मंजूर झाल्यावर. काम होईल की नाही हे विचारायला कोण कशाला पाकीट पाठवील? आणि नवस फेडायला उशीर लावला तर बाबा रागावतो, हे तर ठरलेलंच. दुसऱ्या दिवशी बन्सी छावणीत पाटी रंगवत असताना तिनं शहागंजातून शेंदूर आणला, घाण्याच्या तेलात सढळ हातानं कालवला आणि वीरबाबाला असा थापला की चांदीचे डोळे उकरून बाहेर काढावे लागले.

बन्सीनं संध्याकाळी बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"माय, मला अजून घेतलं नाय. नुस्तं बोलावलंय."

"बोलावलं म्हंजी घेतलंच की. न घेता कोन बोलावतंय लोकाच्या पोराला?"

तिला समजावणं त्याच्या हातचं नव्हतं. आधीच बाबा दिसत नव्हता, आता आणखी सव्वा शेरानं दिसेनासा झाला.

पण सखूबाईच्या सढळ हातानं जे केलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. मे महिन्याचं ऊन, बोळीतल्या सिमेंटच्या भिंतींची धग, आणि जुन्या वाळक्या शेंदरावर तेलानं थबथबलेला नवा जाड थर. चौथ्या दिवशी दुपारी लिंबाखाली धप्प असा आवाज झाला. सारा शेंदूर दगडापासून सुटून पुढं कलंडला होता. त्याचे दोन मोठे तुकडे झाले होते.

सखूबाईनं हंबरडा फोडला. "मपल्या हातानं झालं रं देवा!"

सोनाजी धावत आले. आल्या आल्या त्यांनी खांद्यावरचं घोंगडं दगडावर टाकलं आणि तोंड फिरवून उभे राहिले. भावकीतली माणसं गोळा झाली. रीत सगळ्यांना ठाऊक होती. बाबानं कवच टाकलं की भोवती पडदा धरायचा, बाबाला न्हाऊ घालायचं आणि दिवस मावळायच्या आत नवा शेंदूर चढवायचा. पडलेलं कवच पैठणला नेऊन गोदावरीत सोडायचं. पडद्याआड चारच हात जायचे, पुजाऱ्याचे आणि त्याच्या मोठ्या मुलाचे. आत जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही.

सोनाजींचा मोठा मुलगा बन्सीच. कुणीतरी सायकलवर छावणीला गेलं आणि त्याला शिडीवरून उतरवून आणलं.

वाटेत त्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायलाच हवं, कारण पुढं त्याला त्याचीच लाज वाटली. मायचं रडणं, बापाचा घोर, ह्यातलं काहीही त्याच्या मनात नव्हतं. आता दिसणार, एवढंच होतं. त्यानं शर्टाच्या आत वही खोचली होती.

चार चादरी धरल्या. बापलेक आत गेले. सोनाजींनी हात जोडले, पुटपुटले आणि घोंगडं उचललं.

आत दगड होता. नुसता दगड. नदीकाठी सापडतो तसा काळा, गोलसर, गुळगुळीत. घोडा नव्हता, वीर नव्हता, अप्सरा तर नव्हत्याच. छिन्नीचा एक घाव कुठं नव्हता. बन्सीनं हात फिरवून पाहिला, मागून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. वर्षभर त्यानं शतकं ओळखायचा सराव केला होता, आणि ह्या दगडाला शतकच नव्हतं.

"बा..." तो म्हणाला. "काहीच नाय."

"हळू बोल." सोनाजी दगडावर पाणी ओतत होते. "म्या बी असाच पाह्यला. पोलिस अॅक्शन झाली त्याच्या फुडच्या साली. रझाकाराच्या धामधुमीत तुह्या आज्यानं बाबाला मातीनं लिपून ठिवलं व्हतं, ती माती काढाया गेले अन् समदंच निघालं. मी बारका व्हतो. मी बी इचारलं, घोडा कुठंय?"

"मंग?"

"बाप म्हनला, घोडा आता तुह्या हातात हाय."

असं म्हणून त्यांनी शेंदराचं घमेलं मुलापुढं सरकवलं. "मला आता साधायचं नाय. पयला हात तूच दे. तुला तर येतंच की."

बन्सीनं शेंदूर हातात घेतला. गार, मऊ, अगदी मळलेल्या मातीसारखा. आणि त्याच्या ध्यानात आलं की आता काहीही करता येईल. कॉलेजात त्यानं मातीचे पुतळे केले होते. घोडा, स्वार, वर दोन अप्सरा, निबंधातल्या चित्राबरहुकूम, उजेड जायच्या आत सहज होईल. सकाळी फोटो काढायचा. मोजमापं घ्यायची. आत काय आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक, आणि दोघांनी तोंड उघडायचं नाही. बडोद्याच्या साहेबांना शेंदराखालचं बघायला गारखेड्यात कोण आणणार होतं? बाहेर सखूबाई मुसमुसत होती. बोटांनी गोळ्याला घोड्याच्या मानेचा बाक दिलासुद्धा.

मग त्याची नजर बापाकडे गेली. सोनाजी हात जोडून त्या उघड्या दगडाकडे बघत होते. काहीच कोरलेलं नसलेल्या दगडाकडे, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भक्तीनं की भीतीनं, बन्सीला कळलं नाही. एवढं मात्र कळलं की ह्या माणसासमोर फोटोसाठी देव करणं आपल्याला जमणार नाही. त्यानं घोड्याची मान मोडली. दगडावर सारखा, पातळ लेप दिला. वर चांदीचे दोन डोळे बसवले.

चादरी सोडल्या तेव्हा दिवस मावळत होता. बाबाला बारीक झालेलं बघून बायका हळहळल्या.

दुसऱ्या दिवशी टेम्पोनं पैठणला निघाले. कवचाचे तुकडे घोंगड्यात गुंडाळून सोनाजींनी मांडीवर घेतले होते. बन्सी समोर बसला होता, सगळं संपल्यागत. टेम्पो खड्ड्यात आदळला, घोंगड्याचं टोक सरकलं आणि त्याला कवचाची फुटलेली कड दिसली.

त्यानं ती कधीच पाहिली नव्हती. कांद्याचे पापुद्रे असावेत तसे थरावर थर. केशरी, तांबडे, मधेच विटकरी, एका ठिकाणी चकचकीत रेघ.

"बा, हे बघितलं तर चालतं का? कवच?"

"त्यात काय. ते तर समदा गावच रोज बघत व्हता."

"चित्र काढलं तर?"

सोनाजींनी विचार केला. "पान्यात सोडायच्या आत काढ."

घाटाच्या पायरीवर भावकी ताटकळली. ऊन चढत होतं, टेम्पोवाला दर थोड्या वेळानं हॉर्न मारत होता, चुलते उघड उघड शिव्या द्यायला लागले होते, आणि बन्सी कवचाच्या कडेला नाक लावून थर वहीत उतरवून घेत होता. सोनाजी शेजारी बसले आणि बोट ठेवून सांगू लागले. सगळ्यात आतला मळकट तांबडा, तो पोलिस अॅक्शननंतरचा पहिला. हा विटकरी म्हणजे बहात्तरचा दुष्काळ, शेंदूर कुठला मिळतोय, काव लावली होती. ही चकचकीत रेघ धाकट्या चुलत्याची करणी, तेल वाचवायला त्यानं डब्यातला ऑइल पेंट फासला होता आणि वर्षभर घरात कुणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं. हा तांदळाचा दाणा बन्सीच्या थोरल्या बहिणीच्या लग्नातल्या अक्षतांतला असावा. सगळ्यात वर, सगळ्यांत जाड, मायचा नवस.

आणि मधे एका केशरी थरात काळं काहीतरी होतं. बन्सीनं पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. केस होते, बारीक, मऊ.

"जावळ," सोनाजी म्हणाले. "पोराच्या जावळाची बट बाबाच्या अंगात दाबायची असती. ते तुहं."

बन्सीचा हात थांबला. त्याला रडू आलं आणि सगळ्या भावकीदेखत तो रडला. मग नाक पुसून त्यानं ती बटही काढली. चित्र पुरं झाल्यावर बापलेकांनी कवच पाण्यात सोडलं. काही वेळ पाणी तांबूस झालं.

बडोद्याला जाण्याआधी तो काळे सरांकडे गेला आणि पहिलं चित्र खोटं असल्याचं त्यानं सांगून टाकलं. सरांनी समोरचं पुस्तक मिटलं.

"माझी सही आहे त्याच्यावर," ते म्हणाले.

"हो सर."

"पत्र मी मागं घेत नाही. पण तुझ्यासाठी सारवासारवही करणार नाही. तिथं जाऊन तूच सांग. आणि आता जा, मला फार राग आलाय."

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाईंनी बन्सीचं घोडेस्वाराचं चित्र काढून पुढं ठेवलं, छान आहे म्हणाल्या आणि फोटो मागितला. बन्सी इंग्रजीची चार वाक्यं पाठ करून गेला होता. ती सगळी त्या घटकेला पळून गेली. उरली ती आपली औरंगाबादी हिंदी.

"मैडम, ये चित्र झूटा है. मैं देखे बगैर काढा."

टोकाला बसलेल्या गृहस्थांनी पेनाचं टोपण बंद केलं. बन्सीनं घाईघाईनं दुसरा कागद पुढं सरकवला, कवचाच्या कडेचा, आणि एकेक थर सांगत सुटला. दुष्काळाची काव सांगितली, ऑइल पेंट सांगितला, जावळ सांगितलं. मूर्ती आमच्यात कुणी कोरली नाही, लावून लावून झाली आहे, तर ह्या मूर्तीचा काळ कुठला धरायचा, असंही विचारून बसला. परीक्षकांनाच प्रश्न! आपलं चुकलं असं वाटून त्यानं कागदावरचा हात मागं घेतला.

बाईंनी कागद जवळ ओढून चष्मा वर केला. "और अंदर? पत्थर पे क्या है?"

"वो नहीं बोल सकता मैडम."

"देखा नहीं?"

"देखा. दो लोगाँ देखते बस, मैं और मेरा बाप. बाहर बोलने का नहीं."

"ॲडमिशन का सवाल हो, तो भी?" टोकाचे गृहस्थ म्हणाले. ते थट्टा करत होते की खरंच विचारत होते, हे बन्सीला आजतागायत कळलेलं नाही. त्यानं खाली बघून हो अशी मान हलवली.

घरी आला तेव्हा सोनाजी ठाण्यापाशी झाडत होते. झाडता झाडताच त्यांनी विचारलं, "इचारलं का त्यायनी, आत काय हाये?"

"व्हय."

"मंग?"

"नाय सांगितलं."

"त्याच्यापायी नाय घेतलं तर?"

"तर नाय."

सोनाजींनी केरसुणी खाली ठेवली. मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं असावं, कारण हात उचलला होता. पण सवय नव्हती. तो हात त्यांनी लिंबाच्या बुंध्यालाच टेकवला.

पुढचे दिवस घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. पोस्टमन बोळीच्या तोंडाशी दिसला की सखूबाई आत जाऊन बसायची. शेवटी पाकीट आलं. बन्सीनं ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. ह्या खेपेला सखूबाईनं हात जागचा हलवला नाही.

"नीट वाच. नुस्तं बोलावलं का घेतलं?"

"घेतलं माय."

"परत फोटू मागायचे नायत ना?"

"नाय माय. घेतलं."

मग मात्र ती उठली. पहिला नवस फुकट गेला असं तिचं मत होतं, त्यामुळं दुसरा सव्वा शेर तिनं गुपचूप आणूनच ठेवला होता. घमेलं काखेत मारून ती ठाण्याकडे निघाली. सोनाजी उंबऱ्यात बसले होते. त्यांनी तिला जाऊ दिलं आणि पाठीमागून हाक मारली.

"बन्सीचे माय, पातळ लाव."

"काहून? बाबानं एवढं केलं पोराचं."

"पातळ लाव म्हनलं ना." सोनाजी तिच्याकडे न बघता म्हणाले. "कवच पडलं म्हंजी बाप अन् लेक, दोघं लागत्यात. आता मी एकलाच हाय."